नांद्याची वांब

मुळशी तालुक्यात माशालाही गाव असतं असं छातीठोकपणे सांगणारी बाई एकच, आणि ती माझी थोरली नणंद. पौडच्या पुढे मत्स्यबीज केंद्र आहे, त्याच्या आवारातल्या मत्स्यालयात वन्सं तिकिटं फाडतात. पण तिकिटाआधी प्रश्न येणारच, "गाव कंचं म्हनायचं?" उत्तर मिळालं की खिडकी वाऱ्यावर सोडून पाहुण्याला त्याच्या गावच्या माशापुढे नेऊन उभं करणार. शास्त्राशी त्यांचं वाकडंच. कासार आंबोलीकरांना मरळ, सातारकरांना शिंगटा, आणि लातूरच्या एका गुरुजींना चक्क परदेशातून आलेला चिलापी, "नाकावरनं कळतंय की, तुमच्याकडंचाच हाय." गुरुजींनी हळूच स्वतःचं नाक चाचपून पाहिलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या बिहारच्या दोन मुलांना त्यांनी रोहू दिला, "ह्यो तुमच्या गंगेचा." ती मुलं काचेपासून हलेनात. पुढे सुट्टी मिळाली की त्याला भेटायला येऊ लागली.

वन्संची स्वतःची होती वांब, सापासारखी लांब आणि दिसायला बेताचीच. आमच्या नांदे गावातल्या शेताकडेच्या ओढ्यातली. शेत विकलं, तिथे टॉवर उठले, त्यातल्याच एकात आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. ओढा बुजवायला घेतला तेव्हा वन्संनी तिला कळशीत घालून, वर फडकं बांधून बसमधून मत्स्यालयात नेलं. कंडक्टरने विचारलं तर म्हणाल्या, "माहेरचं मानूस हाय." आमच्याकडे आल्या की चहा निवेपर्यंत बाल्कनीत उभ्या राहतात आणि खाली बोट दाखवतात, "हितं गोठा व्हता, न्हाई?" मी त्या गोठ्याच्या अंगणात नवरी होऊन उतरले होते.

मग मत्स्यालयाचं नूतनीकरण निघालं. काचेचा बोगदा, रंगीत दिवे, फोटो काढायला जागा. मासे मागच्या हौदात हलवले. वांब मात्र परत आणायची नाही असं ठरलं. दिवसभर दगडाखाली दडते, लोकांना दिसत नाही, तिला धरणात सोडून द्या, असं नवे साहेब म्हणाले. वन्सं आता काय करतील या धास्तीने मी रजा टाकून तिकडे गेले. त्या भांडल्या नाहीत. साहेबांना हौदापाशी नेऊन विचारलं, "गाव कंचं?"

साहेब हसले. "असं गाव नाही हो मावशी. वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या."

वन्संनी हौदातल्या वांबीकडे बोट केलं. म्हणाल्या, "मग ही तुमची. नांद्याची हाय. आजपासनं तुमीबी नांद्याचं."

वांब राहिली. बोगद्याच्या टोकाला तिच्यासाठी छोटी टाकीसुद्धा झाली. परवा मी गेले तेव्हा टाकीपुढे साहेब मुलीला कडेवर घेऊन उभे होते, तिला काचेतून काहीतरी दाखवत होते. मी म्हटलं, "चला ना वन्सं, आपली वांब बघू."

"साहेबांची हाय ती आता," वन्संनी माझा हात धरला. "लेकीला गाव दावत्यात. ऱ्हाऊ दे. आपन हितनंच बघू."

तिथून वांब काही दिसत नव्हती. मी नांद्यातच राहते, तरी त्या दिवशी मला नांद्याची फार आठवण आली.