पाचव्या स्टेजवरची पायलट

आमच्या टीव्ही गेमच्या एका कॅसेटमध्ये आखूड केसांची एक पायलट होती. तीन लाइफ मिळायच्या आणि तिन्ही पाचव्या स्टेजला जायच्या. बर्फाच्या ग्रहावर तिचं यान फुटायचं. नेरूळच्या आमच्या सोसायटीत त्यापुढे कोणीच पोचलं नव्हतं. ती कधी घरी पोचते की नाही, या काळजीनं मला खरंच जेवण जायचं नाही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

त्या मे महिन्यात बाबांच्या पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात जपानी मशीन आलं आणि ते बसवायला एक जपानी इंजिनिअर. गेमचं वेड ऐकून त्यानं बाबांबरोबर माझ्यासाठी एक जाडजूड चित्रकथा पाठवली. उघडली आणि अंगावर काटाच आला. तीच पायलट, तेच यान! टीव्हीवर चार ठिपक्यांची दिसणारी ती इथे पापण्यांसकट होती.

अक्षरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ताईनं पानांवर पेन्सिलनं नंबर टाकले आणि तिथल्या फुग्यांच्या शेजारी आपले संवाद लिहिले. पहिल्याच पानावर ती बर्फात मरून पडलेली. मग डोळे उघडते, विखुरलेले तुकडे जुळून यान उभं राहतं, ज्वाळा इंजिनात परत शिरतात आणि शेवटच्या पानावर ती घरी. आई भात वाढतेय.

"भविष्यात असंच असणार गं," ताई म्हणाली. "फुटलेलं सगळं जोडलं जात असेल."

मला पटलं. केवढी अचाट माणसं ही जपानी, मरणापासून गोष्ट सुरू करतात! ते पुस्तक मी उशाशी घेऊन झोपायचे.

काम संपल्यावर एका रविवारी बाबांनी त्या इंजिनिअरला जेवायला बोलावलं. मी मोठ्या तोऱ्यात पुस्तक पुढे केलं. त्यानं ते दुसऱ्याच बाजूनं उघडलं आणि बोटानं दाखवत गेला. आधी आईचा भात, मग निरोप, मग उड्डाण, आणि शेवटी बर्फ. त्यांच्याकडे तिकडून वाचतात म्हणे.

"म्हणजे ती मरते?" पाहुण्यासमोरच मी भोकाड पसरलं.

तो गडबडला. तेवढ्यात त्याला ताईचे नंबर दिसले. इंग्रजी आकडे होते, ते त्याला कळले. मग एकपासून, आमच्या क्रमानं, तो एकेक पान उलटत गेला. त्याचं बोट हळूहळू मंद होत गेलं. शेवटच्या पानावर पेन्सिलनं काय लिहिलंय, असं त्यानं विचारलं. बाबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आई म्हणतेय, हात धुऊन ये, भात गरम आहे.

 त्यानं पुस्तक मिटलं आणि आमची बाजू वर येईल असं माझ्या मांडीवर ठेवलं.

आतून आईची हाक आली, "चला, हात धुवा आधी. भात गरम आहे."

बाबा त्याला सांगायला वळले, तर तो बेसिनपाशी जाऊन बाह्या वर करत होता.