न्हाणीची नवी यादी

मी यादीशिवाय कुठलेच काम करत नाही. सुनेचे दिवस भरत आले तेव्हा वहीत सगळे तयार होते: चोळायला डाळीचे पीठ, ओव्याची धुरी, करदोटा. सून माझ्या सख्ख्या भावाचीच मुलगी. भावजय हयात नाही, म्हणून बाळंतपण तेलगावला आमच्याकडेच.

नात जन्मली ती अंगभर पातळ, चकचकीत पापुद्रा घेऊन. कातडी इतकी ताणलेली की डोळे नीट मिटत नव्हते. बीडच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवले. लग्न नात्यातले आहे का, हे डॉक्टरीणबाईंनी आधी विचारले. दोष आईबाप दोघांकडून येतो, ते स्वतः ठणठणीत असले तरी. ग्रहणात भाजी चिरल्याने नाही, असे त्यांनी समजावले. स्थळ मीच जुळवले होते. त्याचीही यादी केली होती: घर माहितीचे, मुलगी डोळ्यांसमोर वाढलेली. रक्ताचा विचार त्यात नव्हता.

पापुद्रा आपोआप गळेल, पण ओढलात तर जखमेतून जंतू शिरतील आणि जीवावर बेतेल, असे बाईंनी बजावले. मी जुनी यादी खोडली. पीठ नाही, धुरी नाही, करदोटा नाही. कोमट पाणी आणि लगेच मलम.

पंधरा दिवसांनी घरी आलो. निम्म्या गावातली बाळे न्हाऊ घालणारी मावशी न्हाणीत पाय पसरून बसली. बाळ पायांवर घेतले आणि पोटावरच्या सुटत्या पापुद्र्याला नख लावले. मी विसण घालून पाणी कोमट करत होते. माझ्या लक्षात यायच्या आत सून बोलली. एरवी तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर येत नाही.

"मावशी, हात काढा. निघायचं तवा निघंल ते."

मावशी माझ्याकडे वळली. "इतकी लेकरं न्हाऊ घातली म्या. आता कागद बघून घालायचं व्हय?"

"व्हय," मी म्हणाले आणि यादी वाचली. तिने ती दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी आली ती नखे कापून, बांगड्या वर सारून त्यावर फडके बांधून.

पापुद्रा महिनाभरात गळला. कातडी कोरडी आहे, बहुधा कायमच राहील. घाम नीट येत नाही म्हणून उन्हाळ्यात अंगावर ओला सदरा. यादी आता सून ठेवते; दुसऱ्या मुलाआधी तपासणी, हे तिनेच लिहिले. नात तीन वर्षांची झाली. मलमाची डबी घेऊन येते आणि पाठीला लावायचे राहिले तर जागची हलत नाही.