समिती जेवायला थांबली

आमचं गाव सिरसाळ्याच्या बाजूला. वीजकेंद्रातली राख वीटभट्ट्यांना नेणारे उघडे टिप्पर आमच्या दारावरूनच जायचे, त्यामुळे निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी पडलाच नाही. शाळामास्तर माणूस, अर्ज लिहायला बसले. कापसाच्या पानावरची राख, विहिरीतली राख, वाळत घातलेल्या धोतरावरची राख, सगळ्यांचे वेगवेगळे अर्ज. आजूबाजूच्या गावांची माणसं जमवून त्यांनी दोनदा रास्ता रोकोही केला. घोषणा देताना त्यांचा आवाज चिरकतो, आई घरी येऊन त्याची हुबेहूब नक्कल करायची आणि दादा हसू दाबत पेपर वाचत बसायचे.

अशी गप्प न बसणारी गावं पुष्कळ निघाली, तेव्हा कुठे सरकारने राख वाहतुकीचे नियम ठरवायला समिती नेमली. नियम करण्याआधी समिती गावं पाहणार होती. आमच्या गावाची पाळी आली त्या दिवशी मी अंबाजोगाईहून रजा टाकून गेले. दादा सकाळीच फाट्यावर जाऊन उभे राहिले होते. काय काय दाखवायचं याची यादी त्यांच्या खिशात होती.

इकडे आईने गल्लीतल्या बायका गोळा करून गल्ली धुऊन काढली. ओटे धुतले, पत्रे धुतले, तुळशीची पानंसुद्धा एकेक करून पुसली. सडा घातला, रांगोळ्या काढल्या. मी म्हटलं, अगं, ते राख बघायलाच येतायत. तर ती माझ्यावरच उखडली.

"पाव्हण्याला घान दाखवायची का? काय म्हनतील ते?"

समिती आली ती त्या लखलखीत गल्लीत. टिप्परवाल्यांनाही कुणीतरी खबर दिली असणार, सकाळपासून रस्ता रिकामा. मोठ्या साहेबांनी ओट्यावरून बोट फिरवलं, बोट स्वच्छ. बायकांना विचारलं, खोकला, दमा, काही त्रास? आईने पदर सावरत सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं की काही नाही, लई बरं हाय. दादांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांची इतकी कीव आली आणि आईचा इतका राग, की मी आत जाऊन उगाच भांडी आपटली.

साहेब निघाले. पण पाहुण्याला न जेवता जाऊ देईल ती माझी आई कसली. तिने अंगणात ताटं मांडलीसुद्धा होती. भाकरी, वांग्याचं भरीत, दही. साहेब नाही-नाही म्हणत बसले आणि मग मागून मागून जेवले. त्यांची गाडी देवळामागे सावलीला होती. ती रस्त्यावर दिसेना, तेव्हा समिती गेली असं समजून टिप्पर सुटले. एकामागून एक, उघडेच, दारावरून. बघता बघता साहेबांच्या वाटीतलं दही करडं झालं.

आई वाढायला वाकली होती, तिला खोकल्याची उबळ आली. टोपली खाली ठेवून ती बराच वेळ खोकत राहिली. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, कधीपासून? पाहुण्यासमोर आपण खोटं बोललो याची लाज तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"चार वर्सं झाली," ती म्हणाली. "ह्यांच्यासमोर न्हाई खोकत मी. गोठ्यात जाऊन येते."

दादांचा हात ताटातच राहिला. पान, विहीर, धोतर, सगळ्यांसाठी भांडलेल्या त्या माणसाच्या एकाही अर्जात आई नव्हती. त्या दिवशी मला दोघांचाही राग आला आणि दोघांवरही फार माया आली.

पुढे नियम झाले. राख झाकूनच न्यायची, रस्त्यावर पाणी मारायचं, वस्तीतून गाडी हळू चालवायची. आता बहुतेक टिप्परांवर ताडपत्री असते. तो सरकारी कागद निघाला त्या आठवड्यात दादांनी त्याची झेरॉक्स आणली, आईला ओसरीवर बसवलं आणि कलमं एकेक करून, वर्गात वाचावीत तशी, वाचून दाखवली. आई मन लावून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारलं,

"आन् जी आत गेली, तिचं काय लिव्हलंय?"

दादांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.