गफूरचा दगड

फुटबॉलच्या टीममध्ये खेळणारे अकरा असतात आणि किस्से सांगणारे अकराशे. चेंडूतली हवा दोन दिवसांत जाते. किस्स्याला मात्र दर वर्षी कोणीतरी पंप मारतंच! आमच्या नांदेडच्या टीमचे इतके किस्से माझ्याकडे साठलेत, की मी तोंड उघडलं की घरचे लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी करून विषय बदलतात. पण तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. मी लेफ्ट हाफ खेळायचो. अनवाणी, घोट्याला पट्टी बांधून. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली एक चबुतरा होता आणि त्यावर रोज संध्याकाळी दोन माणसं बसायची: दिगंबरराव वकील आणि मुनीर मास्तर. मास्तर म्हणजे शिंपी. दोघांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, पण खेळाडूची परीक्षा घ्यावी तर त्यांनीच!

परीक्षेत प्रश्न एकच असायचा. हा गफूरसारखा आहे का?

गफूर आमचा जुना सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळा खेळ फिरवणारा. बारा-चौदा वर्षांपूर्वी तो हैदराबादला निघून गेला, आणि गेल्यापासून त्याचा खेळ दर वर्षी सुधारतच चालला होता!

तुम्ही हसाल, पण या परीक्षेवर माणसाची भाकरी अवलंबून होती. टीम चालवायची कापसाची एक गिरणी. तिच्या फाटकावरची पक्की नोकरी आणि फाटकामागची खोली सेंटर हाफसाठी राखून ठेवलेली. मॅनेजरसाहेब भला माणूस, पण त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मॅच संपली की ते चबुतऱ्यापाशी यायचे आणि विचारायचे, "कहिए वकीलसाब, गफूर जैसा है?"

वकीलसाहेब पान एका गालातून दुसऱ्या गालात सारायचे. "चांगला हाय. पण गफूर न्हाई."

झालं! पाच सेंटर हाफ आले नि गेले. खोली कुलपातच राहिली.

*

त्यातला एक नायगावचा शिवराम. एका मॅचमध्ये त्याने तीन गोल करवले. तीन! आम्ही त्याला खांद्यावर घेऊन चबुतऱ्यापाशी आणलं.

"तीन झाले," दिगंबरराव म्हणाले. "गफूरनं चौथा काढला असता."

शिवराम त्याच रात्री सामान बांधून गावी गेला. पुढे त्याचं लग्न निघालं. बिचाऱ्याने मोठ्या मनाने या दोघांनाही आवतण दिलं. आम्ही सगळे बैलगाडीतून गेलो, पोटभर जेवलो. निघताना शिवराम हात जोडून म्हणाला, "काही कमी-जास्त झालं असंल तर सांभाळून घ्या."

मुनीर मास्तरांनी ढेकर दिला. "न्हाई बाबा, सगळं बेस्ट झालं. पण गफूरच्या शादीत बुंदी जास्त होती!"

*

मग आला जळकोटचा दत्तू. गिरणीत हंगामापुरता हमाल. दिवसभर गाठी उचलायचा आणि संध्याकाळी आमच्यात येऊन उभा राहायचा. त्याला पहिला चेंडू मिळाला तेव्हा त्याने मान वर करून एकदाच सगळं मैदान पाहिलं, आणि चेंडू माझ्या पायाशी असा आणून ठेवला की मला फक्त चालायचं होतं. मी दहा वर्षं खेळत होतो. असा चेंडू मला कोणी दिला नव्हता.

खेळ संपल्यावर मुनीर मास्तरांनी त्याला बोलावलं. "बरा हाईस. पण गफूरवाणी व्हायला लई टाइम हाय तुला."

दत्तू घाम पुसत म्हणाला, "हाव. पण गफूर कोण?"

हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. दिगंबररावांना ठसका लागला आणि पान सरळ धोतरावर पडलं.

*

दत्तूची बायको जळकोटला होती आणि तिचे दिवस भरत आले होते. एकदा मी त्याला फाटकामागच्या खोलीच्या खिडकीला डोळे लावून उभं असलेलं पाहिलं.

"काय बघून राहिलास रे?"

"काय न्हाई," तो लाजला. मग हळूच म्हणाला, "चूल त्या कोपऱ्यात बसंल. अन् पाळणा हितं, दाराच्या वाऱ्यात न्हाई यायचा."

मला तेव्हापासून झोप लागेना. खोली त्याची आणि घोर मला!

कारण हैदराबादच्या टीमबरोबरची मॅच आठवड्यावर आली होती आणि मॅचच्या दुसऱ्याच दिवशी हंगाम संपत होता. म्हणजे दत्तूची परीक्षा एकदाच होणार होती.

*

आता दगडाचं. गफूरने एकदा चबुतऱ्यापासून चेंडू मारला होता, तो जिथे पडला तिथे मुनीर मास्तरांनी टेपने मोजून एक दगड रोवला होता. हा गफूरचा दगड. नव्या माणसाने तिथपर्यंत मारून दाखवायचं.

दत्तू रोज मारायचा आणि रोज चेंडू पंधरा पावलं अलीकडे पडायचा. चौथ्या दिवशी त्याचा उजवा पाय टम्म सुजला. मी चेंडू आणायला गेलो, तर पाण्याच्या पाटाच्या कडेला एक जुना खड्डा दिसला. चौकोनी. मी थबकलो. शाळेत असताना तो दगड रोवायला मीच तर मदत केली होती, आणि तेव्हा आम्ही पाटाच्या पाण्यात हात धुतले होते. आता दगड पाटापासून पंधरा पावलं पुढे होता!

माझं डोकंच फिरलं. सरळ चबुतऱ्यावर गेलो. "मास्तर, दगड सरकला!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "दगड कसा सरकंल बाबा? जमीन सरकली असंल."

मी दत्तूला खड्डा दाखवला. त्याने वाकून खड्ड्यात हात घालून पाहिला. म्हणाला, "राहू द्या. साहेब त्यांलाच विचारणार, अन् तेच सांगणार हायेत."

*

मॅचचा दिवस. त्या काळात चार माणसं एकत्र दिसली तरी पोलीस हटकायचे. परवानगी मिळाली ती सूर्य मावळेपर्यंतच. मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर शिपाई उभे. जमादाराने आधीच सांगून ठेवलं होतं, "सूरज डूबा, खेल खतम."

हैदराबादवाले बूट घालून आले. पहिल्या अर्ध्या तासात एका बुटाने माझा गुडघा फोडला आणि मला उचलून चबुतऱ्यावर आणून टाकलं. आमचे दहाच उरले. एक-एक बरोबरी होती. दत्तू लंगडत होता, पण चेंडू त्याच्याचकडे येत होता.

चबुतऱ्याच्या टोकाला हैदराबादवाल्यांचा मालिशवाला बसला होता. जाड, टकला, पांढरी दाढी, मांडीवर तेलाची बाटली. दत्तूच्या प्रत्येक पासला तो टाळी वाजवायचा. शेवटी मुनीर मास्तर वैतागले. "चाचा, तुमी गफूरला देखलं न्हाई, म्हणून टाळ्या वाजवून राहिले!"

चाचाने टाळी थांबवली.

सूर्य झाडांना टेकला. जमादार शिट्टी हातात घेऊन पुढे सरकला. तेवढ्यात दत्तूला चेंडू मिळाला आणि सगळं मैदान ओरडलं, "लांब मार! लांब!" दिगंबरराव तर उभे राहून दगडाकडेच हात करत होते. दत्तूने मान वर केली. त्यांचे सगळे बॅक मागे पळाले. आणि याने काय करावं? सुजलेल्या पायाने चेंडू हळूच दोन पावलांवर ढकलला. तिथे आमचा उजवीकडचा फॉरवर्ड मोकळा उभा होता.

गोल! आणि त्याच क्षणी जमादाराची शिट्टी!

मी फुटक्या गुडघ्यावर नाचलो. तो अजून दुखतो, ती गोष्ट वेगळी.

शिपाई लोकांना हाकलत होते. त्या गर्दीतून मॅनेजरसाहेब आले. मागे दत्तू, टॉवेल तोंडात धरून.

"कहिए वकीलसाब, गफूर जैसा है?"

दिगंबररावांनी पान दुसऱ्या गालात सारलं. "गोल झाला, न्हाई म्हणत न्हाई. पण गफूर असता तर दगडापर्यंत मारला असता."

दत्तूने मान खाली घातली. मला दिगंबररावांचा गळा धरावासा वाटला.

"कौनसा पत्थर?" मालिशवाल्या चाचाने विचारलं.

मास्तरांनी बोट दाखवलं. चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठला, कपाळावर पंजा धरून पाहू लागला. "वहाँ? वो तो पाट के किनारे पे था ना, मास्टर? तुम खुद टेप लेके नापे थे."

मुनीर मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. दिगंबररावांचं पान चघळणं थांबलं.

मॅनेजरसाहेबांना काहीच कळेना. ते चाचाकडे वळले. "तो आप ही बताइए. गफूर जैसा है?"

चाचाने दत्तूला आपल्या शेजारी बसवलं, त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि तेलाची बाटली उघडली.

"गफूर बी," तो म्हणाला, "कब्बी-कब्बी इसके सरीखा खेलता था."