माळवदावरची माती

कोल्हापुरात भांडी वाजली की माणसं उठत नाहीत. "कोयना हलली" म्हणतात आणि कुशीवर वळतात. धरणाकडचे हादरे आमच्या इतके अंगवळणी पडलेले. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे मांडणीवरची ताटं वाजली, तेव्हा माझा भाऊही वहिनीला तेच म्हणाला, "कोयना हाय. झोप की." दुपारी रेडिओवर लातूरकडच्या भूकंपाची बातमी आली. वहिनीचं माहेर त्याच पट्ट्यातलं. आई, वडील आणि घर, काहीच उरलं नाही.

वहिनी रडली नाही. दिवसकार्य झालं, ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसली. कुणी म्हणालं धीराची आहे, कुणी म्हणालं दगड आहे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तिच्याशी बोलताना मला बंद दारावर थाप मारल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे मीही थाप मारणं सोडलं आणि घर तसंच चालत राहिलं.

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. गुजरातच्या भूकंपानंतर वरून फर्मान आलं, भूकंप कृतीतून शिकवा. फर्मान काढणाऱ्यांचं काय जातं! मी घरची परात नेली, तिच्यात गोट्या पसरल्या आणि वर जेवायला बसायचा पाट ठेवला. पाट धरून हलवला की झाली जमीन तयार. मुलींनी काड्यापेट्यांची घरं केली, कुणी गुळाच्या खड्यांची केली. ती पडण्याआधी निम्मा गूळ पोटात गेला. जड छपराचं घर लवकर का पडतं ते सांगताना मी फळ्यावर माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर काढलं, तर एकीने विचारलं, "बाई, ह्याला कौलं कुठं हायती?" कौलांच्या गावात माळवद कुणी पाहिलेलं? मीही वहिनीच्या लग्नातच पाहिलेलं.

संध्याकाळी घरी मी हे हसत सांगितलं आणि लगेच जीभ चावली. वहिनी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, मी करून देते."

तिने केलंही. परसातले खडे चिखलात बसवून भिंती रचल्या. वर काड्यांच्या तुळया, त्यावर तुरीच्या काटक्या आणि मग माती. पण घरं दोन केली. एकावर मातीचा जाड थर, दुसऱ्यावर पातळ. मला वाटलं, एक मोडलं तर असावं म्हणून. वाळल्यावर ती म्हणाली, मीही वर्गात येते.

शाळेच्या वाटेवर तिने सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. तिकडे दर उन्हाळ्यात माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर देतात, पावसात गळू नये म्हणून. जुना कुणी काढत नाही. भूकंपाच्या वर्षी वैशाखात ती माहेरी गेली होती. वडील म्हणाले होते, यंदा राहू दे, पुष्कळ झाली. हिनेच हट्ट धरला, आईच्या खोलीत गळतंय म्हणून. मातीच्या पाट्या हिनेच डोक्यावरून वर नेल्या.

"ती माती नसती तर काय झालं असतं, तेवढं मला बघायचंय," ती म्हणाली.

इतकी वर्षं आम्ही जिला दगड म्हणालो, ती हे डोक्यावर घेऊन आमच्या भाकऱ्या थापत होती.

वर्गात ती शेवटच्या बाकावर बसली. दोन्ही घरं एकाच पाटावर ठेवली. पाटाची एक बाजू मी धरली, दुसरी वर्गातल्या एका मुलीने. हलवायला लागलो. जाड मातीचं घर आधी बसलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय माहीत. दुसरं उभंच होतं. ते पडावं म्हणून मी त्या घडीला अंबाबाईला नवस बोलले असते. आम्ही हलवत राहिलो. मग त्याची एक भिंत बाहेर फाकली आणि पातळ मातीचं ते छप्परही खाली आलं.

वहिनी उठून पुढे आली. बोटाने खडे बाजूला करून तिने फाकलेली भिंत नीट पाहिली. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "वन्सं, माझ्यासाठी जोरात तर नाही ना हलवलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग भिंतीच तसल्या होत्या," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली, मोठ्यांदा, पोरीसारखी. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही मुलगी जागची हलली नाही.

पाट एका बाजूने माझ्याच हातात होता. मी तो किती जोरात हलवला, ते मला अजून सांगता येत नाही.