मीनास्याचं खळं

कुकरची दुसरी शिट्टी झाली, डबे अजून उघडेच होते, आणि दारावर थाप पडली. दार उघडलं तर तांड्यावरचे रामसिंगकाका. हातात नेहमीची दुधाची किटली नव्हती. किराण्याच्या पुडीचा घडी घातलेला कागद होता.

"ताई, आमचं खळं पेपरात आलं. वाचा बरं."

एक्याण्णवला आम्ही सेनगावात आलो तेव्हापासून काका दूध घालतात, पण त्यांची खरी ओळख खळ्याची. अख्ख्या तांड्याची ज्वारी तिथं मळली जायची. मधोमध रोवलेला लाकडी खांब म्हणजे मेढ, तिच्याभोवती फिरणारे बैल, मागे गात चालणारे काका. काकांच्या बायको शकुंतलाबाई होत्या तोवर दरवर्षी खळं शेणानं सारवायच्या. मग मळणीयंत्र आलं, त्याही गेल्या. तीन वर्षं खळं रिकामं. आता थोरला मुलगा देविदास उद्या तिथं ट्रॅक्टर फिरवून सोयाबीन पेरणार होता.

काकांनी कागद फरशीवर पसरला. काळोखात सोनेरी, लांबट कडं, आत एक ठिपका. उन्हात भुसा उडावा तसं.

"सरकारनं वरून फोटो काढला. नोंद झाल्यावर मोडता येत न्हाई, व्हय ना?"

मी पुढे झाले.

"ताई, चप्पल! खळ्यात चपलेनं येत न्हाईत."

मी सपाता काढून बसले आणि वाचलं. "काका, हा तारा आहे, मीनास्य. भोवती धुळीचं, दगडगोट्यांचं कडं फिरतंय. त्याचा उजेड इथं पोचायला पंचवीस वर्षं लागतात."

वाटलं, आता तोंड उतरेल. काका कागदाजवळ सरकले.

"पंचवीस? म्हंजे हा उजेड निघाला तवा आमच्या मेढीला सात बैल होते. शकुंतला सूप घेऊन उभी असंल."

बराच वेळ ते बघत राहिले. मग बोट टेकवलं. "मेढ मधोमध न्हाई. कडं एका अंगाला गेलंय. आतून कोणतरी ओढून राहिलं."

बातमीची शेवटची ओळ मी अजून वाचलीच नव्हती. कडं सरकलेलं आहे, त्या अर्थी न दिसणारा एखादा ग्रह ते ओढत असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. मी मोठ्यानं वाचली.

"त्यांनी बी बैल हाकले असतील," काका हसले.

कुकर कधीचा गप्प झाला होता. कागदाची घडी घालून काका उठले.

"ताई, देविदासचा कॉलेजचा फॉर्म तुमीच भरला, तुमचं ऐकतो त्यो. ट्रॅक्टर फिरव म्हणा. मेढ तेवढी ठेव म्हणा."