ब्रेक धरून ठेवला तेव्हा

खालच्या गॅरेजात ब्रेक ऑइल सांडलं की त्याचा उग्र वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो, आणि मला भाईंदर पूर्वेचं आमचं जुनं बैठं घर आठवतं. नातवंडं व्हायची होती तेव्हा. यांनी दारातच आमच्या ट्रकच्या पुढच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगचे पाटे, काढून जाड बसवल्या होत्या, ब्रेकही नवे घातले होते; आता ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. ट्रक जॅकवर, हे खाली, आणि मी महाराणी पदर खोचून केबिनमध्ये. "दाब... आता धर. मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस, नळीत हवा शिरेल," हे खालून ओरडले. तेवढ्यात पायाखालचा ब्रेक एकदम खाली गेला. मला वाटलं, ट्रकच यांच्या अंगावर बसला. "अहो! अहो, ऐकताय ना?" खालून चकार शब्द नाही. उतरून बघावं की नाही? पण मी असली आज्ञाधारक बावळट, की रडत होते तरी पाय तिथेच. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, ते शेवटी घेतलं, तेही एकेरीत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मागून हे डबा हलवत आले. "अगं, नळीचा नट सैल केला की ब्रेक खाली जातोच. ऑइल संपलं म्हणून आणायला गेलो होतो. मेलो नाय अजून! पण हाक झकास मारलीस." आता ते नाहीत. घरात कुणी नसलं की मी त्यांना तशीच एकेरीत हाक मारते, आणि उत्तराची वाट बघत उजवा पाय फरशीवर घट्ट दाबून बसते.